श्रमिकांचे कैवारी : नारायण मल्हार जोशी

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे कापसाची जुनी पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनासाठी लॉर्ड मेयो हे त्या वेळचे व्हाइसरॉय मुद्दाम आले होते, यावरून या पेठेचे महत्त्व लक्षात येईल. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेला कापूस येथे येई, त्याची सरकी काढली जाई, गाठी दाबल्या जात आणि त्या गाठी आगगाडीने मुंबईस रवाना होत. तेथे काही गाठी बोटींत चढून परदेशी जात, तर काही परळ, लालबाग आणि भायखळा येथील गिरण्यांत पोचत. कापसाच्या प्रत्येक गाठीचे वजन होई, तिच्यावर खूण घातली जाई, तिची नोंद वहीत केली जाई. परंतु त्या कापसाचे सूत काढणारा मजूर दिवसभर राबून रात्री कोठे पाठ टेकतो, त्याच्या खोलीत किती माणसे निजतात, तेथे वारा-उजेड पोचतो की नाही, याची विचारपूस फार थोड्यांनी केली. ज्या थोड्यांनी ती केली आणि कायद्यानेही ती करावी म्हणून जन्मभर खटपट केली, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव या गावी झाला. घरची स्थिती साधी होती. पुढील शिक्षणासाठी ते पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूल आणि त्यानंतर डेक्कन कॉलेज येथे शिकून १९०१ साली ते पदवीधर झाले. त्यांच्या विद्यार्थिदशेतच महाराष्ट्रावर प्लेगचे महासंकट कोसळले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांना प्लेगचे पहिले रोगी आढळले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली, सहस्रावधी लोक दगावले आणि लाखो माणसांनी गावाकडची वाट धरली. गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे रोग्यांची शुश्रूषा करता करता १८९७ च्या फेब्रुवारीत याच साथीला बळी पडले.

या साथीने दोन गोष्टी उघड केल्या. पहिली ही, की दाट वस्तीच्या अंधाऱ्या घरांत रोगाला आयतेच घर मिळते. दुसरी गोष्ट अधिक कडू होती. घरे तपासण्यासाठी सरकारने पुण्यात गोरे सोजीर पाठविले. ते बेधडक माजघरात शिरत, देवघरापर्यंत जात आणि लोकांचे सामान रस्त्यावर टाकीत. लोकांच्या मनात संताप धुमसू लागला व त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारात झाला. घराची तपासणी आवश्यक खरी, परंतु ती बंदुकीच्या धाकाने केली तर लोक रोगाबरोबर रोग्यालाही लपवितात, हा धडा त्या वर्षाने महाराष्ट्राला दिला.

पदवी मिळाल्यावर नारायणरावांनी काही वर्षे शिक्षकाचा पेशा पत्करला. शिक्षकाचे काम त्यांच्या स्वभावास मानवणारे होते, कारण ते शांत, नेमस्त आणि काटेकोर होते. परंतु चार भिंतींच्या वर्गापेक्षा मोठा वर्ग त्यांची वाट पाहत होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. अल्प वेतनावर जन्मभर देशकार्य करण्याचे व्रत घेतलेल्या तरुणांची ती संस्था होती. १९०९ साली नारायणराव तिचे सदस्य झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९११ साली, त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था उभी केली.

त्या काळची मुंबई कशी होती, हे समजल्यावाचून या संस्थेच्या कार्याचे मोल ध्यानात यावयाचे नाही. १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाल्यापासून कोकण, सातारा आणि घाटमाथा येथून माणसांचा ओघ मुंबईकडे लागला होता. गिरण्या भराभर वाढल्या, पण माणसांसाठी घरे त्या वेगाने वाढली नाहीत. घरमालकांनी मिळेल त्या जागेवर तीन-तीन, चार-चार मजल्यांच्या चाळी उठविल्या. मधून एक अरुंद बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना एकास एक लागून खोल्या, आणि मजल्याच्या टोकाला सर्वांत मिळून नळ व शौचकूप, अशी त्यांची रचना असे. कित्येक खोल्यांना बाहेरच्या बाजूस खिडकीच नसे. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तेथे चूल पेटविता येत नसे. अशा एका खोलीत एक कुटुंब राहते म्हणावे, तर तेही खरे नव्हते. भाडे परवडावे म्हणून कुटुंब पोटभाडेकरू ठेवी, तर एकाच गावचे दहा-बारा बाप्ये मिळून एक गाळा घेत व पाळीपाळीने तेथे झोपत. एकाची वळकटी गुंडाळली जाई, तोच दुसऱ्याची उलगडे. पावसाळ्यात जिन्यात आणि बोळात पाय ठेवण्यास जागा उरत नसे.

कायदा अगदीच नव्हता असे नाही. १८८८ च्या मुंबई नगरपालिका कायद्याने राहण्यास अयोग्य ठरलेल्या घराचा वापर बंद करण्याचा आणि फाजील गर्दी दूर करण्यासाठी न्यायाधीशाकडे जाण्याचा अधिकार पालिकेस दिला होता. १८९८ साली प्लेगच्या धसक्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्थाही निघाली. तिने गलिच्छ वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. परंतु घर पाडणे जितके सोपे, तितके नवे घर उभारणे सोपे नसते. पडलेल्या घरातील माणसे हवेत विरून जात नव्हती. ती शेजारच्या चाळीत शिरत आणि तेथील गर्दी दुप्पट होई.

सोशल सर्व्हिस लीगने ठरविलेला क्रम साधा होता. प्रथम माहिती गोळा करावयाची, तिचा अभ्यास करावयाचा, लोकमत तयार करावयाचे आणि मग सामान्य जनांस राहण्याची व कामाची योग्य परिस्थिती मिळवून द्यावयाची. लीगचे स्वयंसेवक गिरणगावात हिंडू लागले. त्यांनी रात्रशाळा काढल्या, फिरती वाचनालये चालविली, दवाखाने उघडले आणि सावकाराच्या पाशातून मजुराची सुटका व्हावी म्हणून सहकारी पतपेढ्या स्थापन केल्या. ज्यांस वकील परवडत नसे, त्यांस फुकट कायद्याचा सल्ला मिळू लागला. पुढे १९२२ साली परळ येथे दामोदर हॉल उभा राहिला आणि गिरणगावातील नाटके, सभा व संमेलने यांस हक्काचे स्थान लाभले. चाळीत जाणारा हा माणूस सोजीर नव्हता. तो मुलांना अक्षरे शिकवी, बायांना औषध देई, पत्र वाचून दाखवी. म्हणून त्याला दार उघडे असे, आणि दार उघडे असल्यामुळे त्याला खोली खरोखर दिसे.

खोल्यांची नोंद ठेवणे म्हणजे नुसती कागदे रंगविणे असे पुष्कळांस वाटते. मुंबईच्या आरोग्य खात्याने १९२१ सालच्या बालमृत्यूंची वर्गवारी घरातील खोल्यांच्या संख्येनुसार केली, तेव्हा या नोंदीचे सामर्थ्य प्रकट झाले. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे १३३ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. दोन खोल्यांच्या घरांत हा आकडा ३२० च्या वर होता. एका खोलीच्या घरांत तो ८०० च्या पलीकडे गेला होता. कामगारांच्या बायका पुष्कळदा बाळंतपणासाठी गावी जात. मुलाच्या जन्माची नोंद तेथे होई आणि मृत्यूची मुंबईत, त्यामुळे शेवटचा आकडा फुगलेला असावा, हे जाणकारांनी तेव्हाच सांगितले होते. तरीही तेवढी वजावट करून जे उरते, ते अंगावर काटा आणणारे आहे. खोली हाच त्या बालकांचा काळ ठरत होता. नोंदीपूर्वी हे दुःख घराघरांतून वेगवेगळे होते आणि प्रत्येक आई आपल्या दैवाला बोल लावीत होती. नोंदीनंतर ते सबंध शहरापुढे जाब मागत उभे राहिले.

भाड्याच्या घरांची नोंद आणि तपासणी यांचा विचार इतर देशांतही झाला होता. इंग्लंडमध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या खटपटीने १८५१ साली सार्वजनिक बिऱ्हाडघरांची नोंदणी व तपासणी करणारा कायदा झाला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने १८६२ पासून लहान घरे मोजून त्यांच्या दारांवर पत्र्याची तिकिटे ठोकण्यास प्रारंभ केला. त्या घरात किती माणसांनी राहावे, याचा आकडा तिकिटावर कोरलेला असे आणि तपासनीस मध्यरात्री येऊन माथी मोजीत. परिणाम असा झाला की, तपासनिसाची चाहूल लागताच गरीब माणसे छपरांवर चढत, कपाटांत दडत. तिकिटाने घराचे माप सांगितले, पण उरलेल्या माणसांनी जावे कोठे, याचे उत्तर तिकिटावर नव्हते.

हाच पेच मुंबईतही होता. नियम कडकपणे अमलात आणावा, तर गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर जाते; न आणावा, तर त्यांची मुले जातात. नारायणरावांच्या कार्याकडे पाहिले म्हणजे या पेचातून वाट काढण्याची त्यांची रीत दिसून येते. नोंद, तपासणी, पुरेशी मजुरी आणि नवी घरे या चारही गोष्टी एकदम चालल्या पाहिजेत, एकीला सोडून दुसरी लंगडी पडते, अशा धोरणाने ते चालले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली. मुंबईतील घरमालकांनी भाडी वाढविण्याचा सपाटा लावला आणि भाडे न देणाऱ्याचे सामान रस्त्यावर येऊ लागले. तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते, ते प्रमाण धरून त्यावर मनमानी वाढ करण्यास बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबईत हाहाकार उडविला आणि १९१९ च्या आरंभी गिरणी कामगारांनी मोठा संप केला. या धामधुमीच्या दिवसांनंतर नारायणराव काही वर्षे मुंबई महापालिकेचे सदस्य होते.

१९२० साली सरकारने मुंबईत विकास खाते काढले आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत जाहीर केला. यासाठी लागणारा पैसा कसा उभा करावयाचा ठरले, हे वऱ्हाडच्या मुलांनी अवश्य लक्षात ठेवावे. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. म्हणजे खामगाव, मलकापूर येथून मुंबईस गेलेल्या गाठींनीही त्या चाळींच्या भिंती उभारण्यास हातभार लावला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत सोळा हजारांच्या आसपास खोल्या होत्या. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. पन्नास हजारांचा बेत सोळा हजारांवर थांबला. जागा दूर, भाडे जड आणि खोल्या कोंदट, अशी कामगारांची तक्रार असल्यामुळे त्यांतीलही अनेक खोल्या सुरुवातीची कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. एकीकडे माणसे जिन्यात निजत होती आणि दुसरीकडे सरकारी खोल्यांना कुलपे होती. ज्याच्यासाठी घर बांधावयाचे, त्याची मजुरी किती, तो कामावर जातो कसा, हे आधी विचारले नाही, तर काय होते, याचा हा वस्तुपाठ होता.

कामगाराच्या वतीने हे विचारणारे कोणी असावयाचे, तर कामगारांची संघटना हवी. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायणराव गेले. परत आल्यावर त्यांनी इतर पुढाऱ्यांसमवेत ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना केली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२१ साली सरकारने नारायणरावांस सी. आय. ई. हा किताब देऊ केला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला.

१९२१ पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले आणि सुमारे पाव शतक त्यांनी ते काम केले. त्या सभागृहात जमीनदार होते, व्यापारी होते, गिरणीमालक होते, बडे वकील होते. आरंभीची कित्येक वर्षे कामगारांसाठी बोलणारा माणूस बहुधा एकटाच असे. त्यांच्या वक्तृत्वात गडगडाट नव्हता. ते आकडे मांडीत, कलमे उलगडून सांगत आणि विरोध झाला तर पुढच्या अधिवेशनात तोच विषय पुन्हा आणीत. मद्रासमधील एका मोठ्या गिरणीच्या मालकांनी तेथील कामगार संघाविरुद्ध न्यायालयाचा मनाईहुकूम आणला होता. संघ स्थापणे हाच जणू गुन्हा ठरत होता. तेव्हा १९२१ च्या मार्च महिन्यात नारायणरावांनी कामगार संघांची नोंदणी व संरक्षण करणारा कायदा सरकारने आणावा, असा ठराव मांडला आणि तो मंजूर करून घेतला. त्या ठरावाचे फळ १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या रूपाने मिळाले. येथेही नोंदणी हाच पाया होता. ज्या संघाची सरकारदरबारी नोंद झाली, त्याला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व आले.

१९२४ साली त्यांनी बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगारांस रजा व साहाय्य मिळावे म्हणून विधेयक मांडले. सभागृहाने ते स्वीकारले नाही. परंतु विचार मेला नाही. १९२९ साली मुंबई प्रांताने असा कायदा केला. एका खोलीतील बालकांच्या मृत्यूचे आकडे ज्याने वाचले आहेत, त्याला या विधेयकाचे आणि घरांच्या प्रश्नाचे नाते निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

१९२६ साली मुंबईत बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली व नारायणराव तिचे अध्यक्ष झाले. १९२८ साली गिरणगावात सहा महिने संप चालला. संयुक्त संपसमितीत जहाल मतांच्या तरुण पुढाऱ्यांबरोबर हे मवाळ गृहस्थही होते. मते जुळत नसली तरी कामगाराच्या भाकरीचा प्रश्न आला म्हणजे ते एका बैठकीवर बसत. पुढच्याच वर्षी नागपूर येथे भरलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात मात्र मतभेद विकोपाला गेले. नारायणराव व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा संघ काढला. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. मालकांस ते जहाल वाटत आणि जहालांस ते मवाळ वाटत. दोन्ही बाजूंचे बोल सोसून ते आपल्या कामास लागत. पुढे फूट सांधली गेली आणि १९४० पासून त्यांनी त्याच काँग्रेसचे चिटणीसपद पुन्हा सांभाळले.

१९२९ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. नारायणराव त्याचे सदस्य होते. गिरण्या, चहाचे मळे, खाणी व रेल्वे या सर्वांविषयी आयोगाने साक्षी घेतल्या. बंगाल आणि बिहारमधील आसनसोल व झरिया येथील कोळशाच्या प्रदेशातील व्यवस्था या दृष्टीने विचार करण्यासारखी होती. १९१२ आणि १९२० च्या कायद्यांनी तेथे खाण-वस्त्यांसाठी आरोग्यमंडळे नेमली होती. खाणमालकाने मजुरांस राहावयास दिलेल्या घरांसाठी मंडळाचा परवाना घ्यावा लागे. घर ठरलेल्या मापाचे नसेल, तर परवाना मिळत नसे. शहरातील घरमालकाला जे बंधन अनोळखी होते, ते खाणमालकाच्या अंगवळणी पडले होते. तेथे घर देणारा आणि काम देणारा एकच असल्यामुळे जबाबदारी कोणाची, हा वाद उरत नव्हता. मुंबईच्या चाळीत मात्र मालक, भाडे वसूल करणारा आणि पोटभाडेकरू ठेवणारा अशी साखळी असे आणि प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवी.

आयोगाचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्याने घरांच्या प्रश्नासाठी स्वतंत्र प्रकरण दिले. प्रांतिक सरकारांनी औद्योगिक शहरांतील घरांची पाहणी करून गरज किती आहे, ते ठरवावे. माणशी किती जागा, किती हवा व किती उजेड असावा, याची किमान मापे कायद्याने निश्चित करावी. पाणी, मोऱ्या आणि शौचकूप यांचे नियम करावे. नगररचनेचे कायदे करावे आणि गलिच्छ वस्त्या सुधाराव्या. अशा शिफारशी त्यात होत्या. त्याच वर्षीच्या शिरगणतीत मुंबईचे सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या घरांत राहतात, असे आढळून आले. अहवालातील सर्व गोष्टी अमलात आल्या असत्या, तर मुंबईचे रूप पालटले असते. तसे घडले नाही. पैसा नाही, असे सरकार म्हणे आणि नफा नाही, असे मालक म्हणत. तथापि एकदा माप ठरले म्हणजे ते सहजासहजी पुसता येत नाही. पुढील पिढ्यांनी केलेल्या अनेक कायद्यांत त्या मापांची आठवण आढळते.

स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, मुंबई प्रांतात भाडी, हॉटेले व बिऱ्हाडघरे यांच्या दरांवर नियंत्रण ठेवणारा व्यापक कायदा झाला. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तेथे १९४९ साली घरे भाड्याने देण्याविषयी व भाडेनियंत्रणाविषयी स्वतंत्र हुकूम निघाला. ज्या भागास तो लागू होता, तेथे घर रिकामे होताच सात दिवसांच्या आत त्याची वर्दी डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत देणे घरमालकास भाग होते, आणि गरजूला ते घर नेमून देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याकडे होता. अधिकाऱ्याची परवानगी घेतल्यावाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीसही देता येत नसे. रिकाम्या खोलीची खबर सरकारला कळविण्याची ही रीत नारायणरावांच्या हयातीतच वऱ्हाडापर्यंत पोचली होती.

३० मे १९५५ रोजी मुंबईत नारायणरावांचे देहावसान झाले. सत्ता त्यांनी भोगली नाही आणि संपत्ती जोडली नाही. त्यांच्या नावावर एकही रोमहर्षक प्रसंग सांगता येत नाही. त्यांच्या आयुष्याची हकिकत म्हणजे सभा, ठराव, विधेयके, साक्षी आणि अहवाल यांची हकिकत होय. म्हणूनच ती मुलांना प्रथम रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु या रूक्ष कागदांतून आठवड्याची सुटी, अपघाताची भरपाई, बाळंतपणाची रजा आणि संघटनेचा हक्क हळूहळू कामगारांच्या पदरी पडत गेला, हे विसरता कामा नये. मुंबईतील डिलाईल रोडला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. विकास खात्याच्या ज्या चाळी त्या रस्त्यावर उभारल्या गेल्या, त्याही ना. म. जोशी मार्गावरील चाळी म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. खोल्यांचा विचार करणाऱ्या माणसाचे नाव खोल्यांच्याच रस्त्याला लागावे, हा योग उचित म्हटला पाहिजे. शंभर वर्षांनंतर त्या चाळींच्या जागी नव्या इमारती बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

१९९९ साली महाराष्ट्र राज्याने सबंध राज्यासाठी एकच भाडेनियंत्रण कायदा केला व तो २००० सालच्या मार्चअखेर अमलात आला. त्याने मुंबईचा १९४७ चा कायदा आणि वऱ्हाडचा १९४९ चा हुकूम या दोहोंची जागा घेतली. घर भाड्याने देण्याचा करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, असे हा कायदा सांगतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बुलढाणा, खामगाव अथवा चिखली येथे खोली घेणाऱ्या साध्या माणसालाही हे संरक्षण आहे. पुष्कळ जण तोंडी बोलीवर खोली घेतात आणि वाद उपस्थित झाला म्हणजे हातात काहीच नाही, असे त्यांच्या ध्यानात येते. भाड्याच्या घराचा कागद मागणे म्हणजे मालकावर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या खोलीत आपली माणसे निजतात, तिची गाठीइतकी तरी नोंद असावी, एवढीच ती मागणी आहे. ती मागणी मान्य व्हावी, यासाठी एका शांत शिक्षकाने आपल्या आयुष्याची चव्वेचाळीस वर्षे वेचली.